जांभा आणि आमराई एकाच राखाडीत का बुडतात?

मागच्या अंकात जुन्या स्टिरिओ कॅमेऱ्यांवर दोन पानं लिहिली होती, म्हणजे शेजारी-शेजारी दोन लेन्स असलेले, एकाच वेळी डाव्या आणि उजव्या डोळ्याचा असे दोन फोटो काढणारे कॅमेरे. त्यात शेवटी एक ओळ होती की ब्लॅक अँड व्हाइट रोल वापरणार असाल तर रंगीत फिल्टरचा विचार नक्की करा. बहुतेक सगळी पत्रं त्या एका ओळीवरच आलीत, आणि बरं झालं आली, कारण हा विषय एका ओळीत संपणारा नव्हताच.

अंजर्ल्याहून एक वाचक: काका, माझे मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आणलेला स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेरा इतकी वर्षं ट्रंकेत पडून होता. साफ करून घेतला, ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट रोल टाकला आणि आमच्या घराचेच फोटो काढले. घर जांभ्याचं आहे, मागे आमराई, पुढे अंगणात तुळशीवृंदावन. प्रिंट कार्डावर चिकटवून दोन भिंगांच्या व्ह्यूअरमधून बघितलं तर तुळस छान पुढे येते पण घर आणि मागची झाडं एकमेकाला चिकटल्यासारखी दिसतात. लाल फिल्टरने आकाश काळं होतं एवढंच ऐकलंय, त्याचा इथे काही उपयोग आहे का?

आहे, आणि आकाशापेक्षा जास्त उपयोग इथेच आहे. तुमचा कॅमेरा बिघडलेला नाहीये. होतं असं की जांभ्याचा तांबडा आणि आंब्याच्या पानाचा हिरवा हे दोन रंग आपल्या डोळ्याला अगदी वेगळे, पण आजच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग बघणाऱ्या, फिल्मवर दोघांचा राखाडी जवळजवळ सारखाच उतरतो. साध्या एकेरी फोटोत आपण ते चालवून घेतो. स्टिरिओत मात्र आपले डोळे खोली शोधतात ती कडांवरून, डाव्या फोटोतली कड आणि उजव्या फोटोतली कड जुळवून, आणि घराच्या भिंतीची कड जिथे मागच्या पानांमध्ये विरघळून गेलीये तिथे डोळ्याला धरायला काहीच उरत नाही. तुळशीवृंदावन जवळ आहे, त्याच्यासाठी दोन लेन्समधलं ७ सेंटिमीटर अंतर भरपूर होतं, म्हणून ते सुटून पुढे येतं. पण जसजसं लांब जावं तसतसा त्या ७ सेंटिमीटरचा जोर कमी होतो आणि तिथे राखाडीतला फरकच कामाला येतो.

फिल्टरचं काम एवढंच की स्वतःच्या रंगाला वाट द्यायची आणि विरुद्ध रंगाला अडवायचं. २५ नंबरचा लाल फिल्टर लावला की तुमची जांभ्याची भिंत उजळणार आणि मागची आमराई गडद होणार, म्हणजे उजळ घर काळपट झाडांच्या पुढे येऊन उभं राहणार. झाडं अगदी काळी ठिक्कर पडतील अशी भीती नको, पानं थोडा लांबचा लाल प्रकाशही परत फेकतात त्यामुळे बऱ्यापैकी तपशील राहतो. आणि एक गंमत बघा, आंब्याला नवी पालवी फुटलेली असेल तर ती तांबूस असते, लाल फिल्टरमधून तेवढे शेंडे उजळ येतात आणि जून पानं गडद, एकाच झाडात पुढचे-मागचे थर सुटे होतात. माझ्याकडे पालवीच्या दिवसातली अशी एक जोडी आहे, व्ह्यूअरला डोळे लावले की हात आपोआप पुढे जातो फांदी बाजूला करायला.

आता उलटी परिस्थिती समजा. पुढे जास्वंदीची नाहीतर अबोलीची झाडं आणि मागे चिऱ्याची भिंत असेल तर लाल फिल्टर पुढची पानं गडद करून टाकेल, तिथे ११ नंबरचा हिरवट फिल्टर घ्या, पानं उजळतील आणि भिंत मागे जाईल. म्हणून फिल्टर निवडताना मी आकाशाकडे बघतच नाही, आधी बघतो की पुढे कोण आहे आणि मागे कोण आहे.

एक्सपोजरचं गणित मात्र नीट करा कारण रिअलिस्टमध्ये प्रकाश मोजणारा मीटर नाही आणि तुम्ही ज्यातून बघता तो व्ह्यूफाइंडर वेगळा आहे, फिल्टर लावलाय की नाही हे त्यातून कळतच नाही. पिवळा ८ नंबर १ स्टॉप खातो, म्हणजे प्रकाश निम्मा करतो, हिरवट ११ आणि नारिंगी २१ साधारण २ स्टॉप, लाल २५ पूर्ण ३ स्टॉप. तुमचा ४०० चा रोल, रणरणतं ऊन, फिल्टर नसेल तर एफ १६ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका मोठा तितकं छिद्र लहान) १/४०० सेकंदाचं शटर हवं, पण एफ ३.५ लेन्सवाल्या रिअलिस्टचं सगळ्यात जलद शटरच १/१५०, म्हणजे एफ २२ वर नेलं तरी प्रकाश थोडा जास्तच होतो. लाल फिल्टर लावला की तेच गणित १/५० ला एफ १६ असं चपखल बसतं. म्हणजे ज्या ३ स्टॉपची लोक तक्रार करतात ते आपल्याला इथे हवेच असतात.

आणि एफ १६ का हवं तेही सांगतो. एकेरी फोटोत मागचं धूसर झालं तर छान वाटतं, स्टिरिओत नाही वाटत, कारण बघणाऱ्याचे डोळे फोटोत फिरत असतात, ते झाडापाशी गेले आणि झाड धूसर असेल तर त्रास होतो. ३५ एमएमच्या लेन्सला एफ १६ वर साधारण साडेआठ फुटांवर फोकस ठेवलात तर सव्वाचार फुटांपासून पार क्षितिजापर्यंत चालण्याइतकं स्पष्ट येतं. हेच तुम्ही १२५ चा, म्हणजे मंद, रोल घेऊन लाल फिल्टरने करायला गेलात तर १/५० ला एफ ८ च्या आसपास यावं लागतं, मग जवळची हद्द साडेआठ फुटांवर सरकते. स्टिरिओत सगळ्यात जवळची वस्तू लेन्समधल्या अंतराच्या तीसपट लांब ठेवायची असा जुना ठोकताळा आहे, रिअलिस्टला ते होतं साधारण सात फूट, म्हणजे तुमची तुळस नेमकी धूसर पट्ट्यात सापडणार. म्हणून लाल फिल्टर असेल तर ४०० चाच रोल, १२५ ला पिवळा किंवा फार तर नारिंगी.

एक राहिलंच. लॅबला रोल देताना न कापता परत द्या असं बजावून सांगा. या कॅमेऱ्यात एका जोडीचे दोन फोटो शेजारी-शेजारी नसतात, मध्ये दुसऱ्या जोड्यांचे दोन फोटो असतात, पहिला चौथ्याशी, तिसरा सहाव्याशी असं चालतं. लॅबवाल्याने सवयीने तुकडे केले की फिल्टरची सगळी मेहनत जोड्या लावण्यातच जाते.

देवगडहून एक विद्यार्थी: सर, मला जुन्या बाजारात एकच लाल फिल्टर मिळाला. एकाच लेन्सला लावला तर चालेल का? नाहीतर आकाशकंदिलाचा जिलेटीन पेपर दोन्ही लेन्सला चिकटवायचा विचार आहे, तो तर दहा-वीस रुपयात मिळतो.

एकाच लेन्सला अजिबात नको, अगदी मनापासून सांगतोय. दोन्ही लेन्सचं शटर आणि अ‍ॅपर्चर एकत्रच चालतं, त्यामुळे फिल्टरवाला फोटो ३ स्टॉप कमी प्रकाशात निघणार, हे तर आहेच. पण समजा ते प्रिंट करताना सांभाळून घेतलं, तरी एका डोळ्याला कौलं उजळ दिसणार आणि दुसऱ्याला गडद. मेंदू यातलं एकही सोडायला तयार होत नाही, मग ती कौलं स्थिर दिसतच नाहीत, रेशमी साडीच्या पदरासारखी लकाकत राहतात, आणि दोन मिनिटांत डोकं धरतं. नुसता उजेड कमी-जास्त असेल तर नंतर दुरुस्त होतो, रंगांचं नातंच दोन्हीकडे वेगळं झालं तर त्याला काही इलाज नाही.

म्हणून फिल्टर नेहमी जोडीने. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, आणि शक्यतो एकाच वयाचे, कारण जुने फिल्टर फिके पडलेले असतात, वरचा नंबर तोच पण रंग वेगळा. घेताना दोन्ही शेजारी-शेजारी मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवा, मग जागा बदलून परत ठेवा. जरा जरी फरक वाटला तरी ती जोडी नको. दुसरी परीक्षा त्याहून महत्त्वाची. फिल्टर हातभर लांब धरायचा, त्यातून लांबच्या विजेच्या खांबाकडे बघायचं आणि फिल्टर हळूहळू गोल फिरवायचा. खांब जागचा हलल्यासारखा वाटला तर काचेची जाडी एका बाजूला कमी आहे. असा फिल्टर एका लेन्सवर असेल तर तो फोटो थोडा वर किंवा खाली सरकतो, आणि माणसाचे डोळे आडवे जुळवून घेतात पण एक डोळा वर एक खाली असं त्यांना जमत नाही.

आकाशकंदिलाच्या कागदाचं म्हणशील तर तुझी युक्ती मला आवडली पण तो कागद नको. त्याला सुरकुत्या असतात, प्रत्येक सुरकुती म्हणजे एक वेडीवाकडी काच, आणि डाव्या-उजव्याच्या सुरकुत्या वेगळ्या. शिवाय तो डोळ्याला लालभडक दिसला तरी त्यातून बाकीचे रंग किती गळतात याचा नेम नाही. त्यापेक्षा नाटकाच्या लाइटला लावतात तो जाड, सपाट प्लॅस्टिकचा लाल कागद बघ, तुमच्याकडे दशावताराच्या रंगमंचावर लाइट करणाऱ्या एखाद्याकडे तुकडा नक्की मिळेल. एकाच कागदातून, शेजारी-शेजारी, दोन गोल काप. फोटोसाठीच्या फिल्टरइतका स्वच्छ तो नसतो पण दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे असतात, आणि स्टिरिओत स्वच्छपणापेक्षा सारखेपणा मोठा. जाड काळ्या पुठ्ठ्याच्या दोन टोप्या करून त्यात बसव, लेन्सच्या काचेला चिकटपट्टी लावू नकोस. एक्सपोजरसाठी आधी चार-पाच जोड्या वेगवेगळ्या स्टॉपला काढून वहीत लिहून ठेव, या कागदावर २५ नंबर छापलेला नसतो.

सावंतवाडीहून एक वाचक: आंबोलीच्या धुक्यात लाल फिल्टर लावून दरीचे फोटो काढले, धुकं जराही कमी झालं नाही. फिल्टर खोटा आहे का?

फिल्टर खरा आहे, धुकं वेगळं आहे. लांबच्या डोंगरांवर जी निळसर झाक दिसते ती हवेच्या अगदी बारीक कणांमुळे, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि लाल कमी, म्हणून लाल फिल्टरने ती झाक कापली जाते. आंबोलीचं धुकं म्हणजे पाण्याचे थेंब, ते या हिशोबात खूप मोठे, सगळे रंग सारखेच विखुरतात, तिथे कुठलाही फिल्टर हरतो. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर जी पांढुरकी हवा असते तिचंही थोडंफार तसंच. आणि पावसाळ्यातलं पांढरं आकाश फिल्टरने काळं होत नाही, काळं व्हायला ते मुळात निळं असावं लागतं. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, सकाळी परत तीच दरी काढा, तोच फिल्टर लावून.

पण खरं सांगू का, आंबोलीत मी फिल्टर काढूनच ठेवतो. धुक्यात पुढचं झाड गडद, त्याच्या मागचं फिकं, त्याच्या मागचं जेमतेम, असे थर निसर्गच लावून देतो, स्टिरिओला अजून काय पाहिजे.

राजापूरहून एक शिक्षिका: आमच्या तालुक्यात बारसू, देवीहसोळ, कशेळी इथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळ पठारांवर, कातळशिल्पं आहेत. मुलांना दाखवायला स्टिरिओ जोड्या काढायच्यात. रेषा उथळ आहेत, साध्या फोटोत नीट उठत नाहीत. फिल्टर कुठला?

बाई, तुमचं पत्र वाचून मला खूप बरं वाटलं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलीत, आणि तरी आपल्याच मुलांनी त्यातली किती पाहिलीत हा प्रश्न आहेच. स्टिरिओ हे त्यांच्यासाठी अगदी योग्य माध्यम आहे कारण तिथे सगळा खेळ दोन-चार सेंटिमीटरच्या खोलीचा असतो.

आधी ऊन, मग फिल्टर. डोक्यावरचं ऊन असेल तर खाच आणि कातळ सारखाच उजळतो, कुठलाही फिल्टर लावा. सूर्य उगवून तास-सव्वातास झालेला असताना जा, तेव्हा प्रत्येक खाचेच्या एका काठाची सावली आत पडते. आता गंमत ही की उघड्या सड्यावर त्या सावलीत जो प्रकाश पोचतो तो फक्त निळ्या आकाशाचा असतो, थेट उन्हाचा नाही. म्हणजे सावली निळसर आणि उन्हातला कातळ पिवळट-तांबूस. नारिंगी किंवा लाल फिल्टर निळं अडवतो, त्यामुळे सावली अजून गडद होते आणि कातळ उजळतो, रेष कोरल्यासारखी उठते. मी नारिंगी घेईन, लालने सावल्या कधीकधी इतक्या काळ्या होतात की खाचेचा तळच दिसत नाही आणि तळ दिसला नाही तर खोली कुठून कळणार. ढगाळ दिवशी हा उपाय चालत नाही, तेव्हा सावलीच नसते.

कॅमेरा आडवाच धरायचा, स्टिरिओ कॅमेरा उभा केला की दोन फोटो वर-खाली होतात. शिल्पापासून सहा-सात फुटांवरून तिरकं खाली बघत काढा. लांबून पूर्ण हत्ती घेण्यापेक्षा जवळून त्याचा एक पाय घ्या, मुलांना खोली तिथे कळेल. आणि चपला बाहेर काढून, रेषांवर पाय न देता, हे तुम्हाला सांगायला नको पण सोबत येणाऱ्या मुलांना सांगा.

रत्नागिरीहून एक वाचक: आमच्याकडे पणजोबांच्या वेळच्या काचेच्या स्टिरिओ जोड्या आहेत, ४५ बाय १०७ मिलिमीटरच्या. सगळ्यात आकाश पांढरंफटक आणि जांभ्याचे गडगे काळेकुट्ट. त्यांना फिल्टर माहीत नव्हते का?

त्या मापाच्या काचा व्हेरास्कोपसारख्या कॅमेऱ्यांच्या. त्या काळच्या बऱ्याच प्लेट्सना निळं भरपूर दिसायचं आणि लाल दिसायचंच नाही, म्हणून आकाश जळून पांढरं आणि जांभा काळा. १८७३ मध्ये हेर्मान फोगल या जर्मन शास्त्रज्ञाला कळलं की प्लेटमध्ये ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवंही दिसायला लागतं, आणि सगळे रंग बघणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट १९०६ साली रॅटन अँड वेनराइट कंपनीने विकायला आणली, आपण फिल्टरला २५, ८, ११ हे जे रॅटन नंबर म्हणतो ते त्याच घरातले. लाल न दिसणाऱ्या प्लेटवर पणजोबांनी लाल फिल्टर लावला असता तर प्लेट कोरीच निघाली असती. आज लाल न दिसणारी ऑर्थो फिल्म मिळते तिलाही हेच लागू, तिच्यावर पिवळा चालतो, लाल नाही. त्या काचा मात्र कोरड्या डब्यात ठेवा, प्रत्येकीमध्ये कागद घालून, दमट हवेत एकमेकींना चिकटल्या की सुटत नाहीत.

चिपळूणहून एक वाचक: लाल-निळा चष्मा लावून बघतात त्यासाठीच हे फिल्टर असतात ना?

नाही, दोन्हीचा संबंध नाही. तो चष्मा बघण्यासाठी, डाव्या-उजव्याचे फोटो एकावर एक दोन रंगात छापलेले असतात ते वेगळे करायला. कॅमेऱ्यावर फिल्टर दोन्हीकडे एकाच रंगाचा.

मालवणहून एक वाचक: सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाताना कॅमेरा न्यायचाय. फिल्टर लावून न्यावेत की तिकडे जाऊन लावावेत?

लावून न्या, पण बसलेत का ते बघत राहा. माझी एक गोष्ट सांगतो. हर्णैला सुवर्णदुर्गाकडे जाताना होडीत मी दोन्ही लेन्सवर नारिंगी फिल्टर चढवले, हे जुने फिल्टर आटे नसलेले, नुसते ढकलून बसणारे, आणि त्यातला उजवा कधी पाण्यात गेला ते मला कळलंच नाही, कारण व्ह्यूफाइंडरमधून सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. अख्खा रोल, २८ जोड्या, डावीकडे समुद्र गडद आणि उजवीकडे पांढुरका. लाटांवर डोळा ठरतच नाही. किल्ल्याचा तट, होडीवाल्याचा वल्ह्यावरचा हात, सगळं होतं त्यात, आणि एकही जोडी बघता येत नाही. त्या दिवसापासून मी फिल्टरच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावतो, कॅमेऱ्याच्या पुढच्या पत्र्यावर अर्धा आणि फिल्टरच्या रिंगवर अर्धा, काचेला न लागू देता. आणि दर जोडीआधी अंगठ्याने दोन्ही रिंग चाचपतो.

होडीत अजून एक होतं. खाऱ्या पाण्याचा एखादा तुषार एकाच फिल्टरवर बसतो आणि त्या डोळ्याला सगळं दुधाळ दिसतं. कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाने काच ओरखडते. आधी फुंकणीने उडवा, मग पिण्याच्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती फडकं, मग कोरडं. दोन्ही पुसा, एकच नको. हे फक्त अखंड रंगीत काचेच्या फिल्टरसाठी. जुन्या फिल्टरमध्ये दोन काचांच्या मध्ये रंगीत जिलेटीनचा पापुद्रा असतो, त्याला ओलं फडकं लावू नका, कडेने पाणी शिरतं आणि पापुद्रा सुटायला लागतो, कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले की समजायचं सुरुवात झाली. असे फिल्टर जूनच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, आणि पुड्या महिन्याने तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घालायच्या.